दहा बाय दहाचा दिग्दर्शक

लहानपणी डबाऐसपैस खेळताना एखादं अगदी बारकं पोर असायचं. कुणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला घरी ठेवून येता येत नाही. त्याला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. तो सापडला तरी आऊट नाही, जिंकला तरी जिंकला नाही. त्याला आम्ही रहिमतपुरात कच्चं लिंबू म्हणायचो. बहुतेक महाराष्ट्रात हेच म्हणतात.

मराठी सिनेमात टीव्हीवरचा नट दिग्दर्शन करायला आला की त्याच्याशी साधारण असंच वागतात. खेळ म्हणतात, पण धरत नाहीत. सिनेमा वाईट निघाला तर 'शेवटी मालिकावाला', आणि चांगला निघाला तर 'अजिबात मालिकेसारखा वाटत नाही हो'. दुसरं वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं. माझा राग त्या दुसऱ्या वाक्यावर आहे, आणि प्रसाद ओकच्या सिनेमांबद्दल लिहायचं ते त्यासाठीच.

तुमच्यापैकी बहुतेकांना प्रसाद ओक दोन ठिकाणांहून माहीत असेल. एक म्हणजे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तली परीक्षकाची खुर्ची, जिच्या क्लिपा जेवताना फोनवर आपोआप सुरू होतात. दुसरं म्हणजे 'धर्मवीर'मधले आनंद दिघे. आमच्या आईच्या पिढीला तो 'अवघाचि संसार'मधला हर्षवर्धन म्हणून माहीत आहे आणि त्या भूमिकेबद्दल तिने त्याला अजून माफ केलेलं नाही. पण याच माणसाने दिग्दर्शित केलेला 'कच्चा लिंबू' तुम्ही पाहिलाय का, असं मी गेल्या काही वर्षांत ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी 'नाव ऐकलंय' एवढंच सांगितलं. २०१७ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार आहे. पुरस्कार मिळाला की लोक आदराने नाव ऐकतात आणि पाहायचं राहून जातं.

दिग्दर्शक म्हणून त्याची वाट सांगायची तर २००९ मध्ये पुष्कर श्रोत्रीबरोबर 'हाय काय नाय काय' हा विनोदी सिनेमा. त्यावर फार थांबण्यासारखं नाही. मग आठ वर्षं गप्प. २०१७ मध्ये 'कच्चा लिंबू', २०१९ च्या दिवाळीत 'हिरकणी', २०२२ मध्ये 'चंद्रमुखी'. या तिन्हींचं लेखन चिन्मय मांडलेकरचं, म्हणजे तोही 'तू तिथे मी'सारख्या मालिकांतून घराघरांत पोचलेला नट. तिन्हींच्या मध्यभागी एक बाई आहे. आणि तिन्हींत त्या बाईभोवतीची जागा वाढत जाते: आधी चाळीतली खोली, मग रायगड, मग तमाशाचा फड आणि दिल्ली. या चढत्या क्रमाला सगळ्यांनी प्रगती म्हटलं. मला तो उतार वाटतो.

का, ते सांगण्याआधी मालिकेबद्दल थोडं.

आमच्या सातारा जिल्ह्यात २०१७ च्या 'लागिरं झालं जी'नंतर मालिकांच्या शूटिंगचं अप्रूप राहिलं नाही. गावोगाव कुणाचा वाडा भाड्याने जातो, कुणाच्या अंगणात तुळशीवृंदावन नवीन बांधून मिळतं. अशाच एका वाड्यात मी अर्धा दिवस उभा होतो. सबंध अर्ध्या दिवसात कथेत घडलं ते इतकंच: सून चहाचा ट्रे घेऊन सोप्यात येते आणि सासऱ्यांचं वाक्य ऐकून थांबते. ते थांबणं तीन बाजूंनी घेतलं. आधी सगळ्यांचं मिळून, मग सासऱ्यांच्या खांद्यामागून, मग फक्त तिचा चेहरा. मधे लाइट सरकवायचे, तिने ट्रे खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, आणि प्रत्येक वेळी वाक्य जणू पहिल्यांदाच ऐकायचं. जवळ उभ्या असलेल्या एका काकू म्हणाल्या, 'च्या गार झाला की गं पोरीचा.'

रोज एक भाग बाहेर पडायचा असतो, त्यामुळे मालिका घाईची असते हे खरंच. पार्श्वसंगीताचे ते ढँ ढँ ढँ, तेही खरं. पण चार-पाच वर्षं रोज बारा-बारा तास एकाच घराच्या सेटवर उभं राहिलेल्या नटाला एक गोष्ट कळते जी सिनेमाच्या शाळेत शिकवणं अवघड आहे. घरात माणसं बोलण्यापेक्षा ऐकत जास्त असतात. कोण दारात थांबतं, कोण आत येतं, कोणाला बसायला सांगावं लागतं आणि कोण न सांगता बसतं, यावर घराची सत्ता कळते. कॅमेऱ्याला सरकायला जागा नसली की चेहऱ्यालाच सगळं करावं लागतं. मालिका हे ज्ञान बहुतेकदा वाया घालवते, सासू-सुनांच्या कटांवर उधळते. पण नटाच्या अंगात ते साठत राहतं.

'कच्चा लिंबू' या साठलेल्या ज्ञानातून आलेला सिनेमा आहे. गोष्ट जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' कादंबरीवरून घेतलेली. हाच विषय दळवींच्या 'नातीगोती' या नाटकातून अनेकांना ठाऊक आहे. मुंबईतल्या चाळीतलं काटदरे कुटुंब. नवरा मोहन, बायको शैला आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू. बच्चूचं शरीर वयात आलंय, मन आलेलं नाही. त्याच्यापाशी सतत कुणीतरी हवं म्हणून नवरा रात्रपाळी करतो आणि बायको दिवसा नोकरी. म्हणजे लग्न झालेली ही दोन माणसं एकमेकांना भेटतात ती जवळपास उंबऱ्यावरच. एकाने आत यायचं, एकाने बाहेर पडायचं. पहारेकरी बदलावेत तसं.

हे सगळं बहुतांशी कृष्णधवल आहे. मला आधी वाटलं होतं की 'आम्ही कलात्मक आहोत' असं सांगण्याची ही खूण असणार. पाहताना कारण कळलं. रंग काढून टाकले की त्या खोलीत नजर विसावायला काही उरत नाही. ना भिंतीवरचं कॅलेंडर, ना दोरीवरची साडी. उरतात चेहरे आणि घाम. मोहनचं काम रवी जाधवने केलंय. 'नटरंग'चा दिग्दर्शक, मोठमोठे सेट आणि गर्दी पेलणारा माणूस, इथे एका कॉटच्या कडेला अंग चोरून बसलेला असतो. शैला म्हणजे सोनाली कुलकर्णी, 'दोघी'वाली. (तरुण वाचकांसाठी: मराठीत दोन सोनाली कुलकर्णी आहेत आणि योगायोग असा की ओकने दोघींना घेऊन सिनेमे केले.) बच्चू झालेला मनमीत पेम कुठेही 'बघा मी किती अवघड भूमिका करतोय' असं म्हणत नाही. आपल्या सिनेमात असे मुलगे एकतर देवदूत असतात, नाहीतर हसण्यासाठी असतात. हा दोन्ही नाही. त्याच्या वयात येण्याची घरात भीती आहे आणि ती भीती त्याच्या आईलाही आहे. ही गोष्ट मराठी पडद्यावर इतक्या सरळ नजरेने दाखवलेली मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या आळीत असं एक घर होतं. मुलगा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याच्या आईला मी कधी लग्नात, हळदीकुंकवाला, चौंडेश्वरीच्या देवळात निवांत बसलेलं पाहिलं नाही. ती सतत निघायच्या तयारीत असे. कुणी विचारलं 'कसं काय', तर 'चाललंय' म्हणे आणि खरंच चालू लागे. आळी तिला चांगलं म्हणायची. 'देवमाणूस आहे बाई,' असं म्हणून आपापल्या दारात उभी राहायची. तिला थकायची, वैतागायची, एखाद्या परक्या माणसाच्या साध्या चौकशीने सुखावायची मुभा मात्र त्या 'देवमाणूस'मध्ये नव्हती.

ओकच्या सिनेमात शैलाला ती मुभा आहे. ऑफिसातले तिचे साहेब (सचिन खेडेकर) तिच्याकडे हळुवारपणे ओढले जातात. मालिकेत हा प्रसंग आला असता तर त्याचं 'प्रकरण' झालं असतं: दारामागून ऐकणारी शेजारीण, पडलेला पेला, तीन ढँ. इथे नुसतं एक माणूस दुसऱ्या माणसाशी नीट बोलतो आणि बाईच्या चेहऱ्यावर थोडी झोप झाल्यासारखं काहीतरी येतं. दिग्दर्शक तिला दोषी ठरवत नाही, मोहनला बिचारा ठरवत नाही. मालिकेने वर्षानुवर्षं ज्या प्रसंगांचं वाटोळं केलं, नेमके तेच प्रसंग मालिकेतून आलेला माणूस दुरुस्त करतोय असं मला पाहताना वाटत राहिलं. म्हणूनच 'मालिकेसारखा वाटत नाही' हे मला पटत नाही. तो मालिकेतूनच आलाय. फक्त सून ट्रे घेऊन थांबते तिथे संगीत बंद केलंय आणि कॅमेरा बाजूला हटवलेला नाही.

मग 'हिरकणी'.

हिरकणीची गोष्ट तुम्हाला चौथीपासून माहीत आहे. कोजागिरी, दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं बाळ, आणि कडा. महाराजांनी नंतर तिथे बांधलेला बुरूज. या गोष्टीत राजा आहे, गड आहे, शिस्त आहे, पण गाभा काय? एका बाईच्या छातीत दूध दाटलंय आणि मधे एक दार बंद आहे. म्हणजे पुन्हा दार. विषय ओकच्याच हातचा होता.

शेवटची कड्यावरची रात्र जेव्हा येते तेव्हा सोनाली कुलकर्णी (ही 'नटरंग'ची अप्सरा) अंगमेहनतीने ती उभी करते, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे पोचेपर्यंत सिनेमा आपल्याला किती काय दाखवतो! राज्याभिषेकाचं मोठं गाणं आहे, त्यात महाराष्ट्रातल्या लोककला एकामागून एक येतात, ओळखीचे कलाकार येतात, टाळ्या येतात. गाणं म्हणून ते रंगतं. पण ज्या बाईची ही गोष्ट, ती त्या गर्दीत पाहुणी होते. आपण तिच्या घरात पुरेसं राहतच नाही. झोळीला झोका देताना ती काय पुटपुटते, सकाळी किती वाजता उठते, बाळ कुणाकडे ठेवते, ठेवताना मन कसं घट्ट करते. कडा भयानक वाटायला हवा असेल तर आधी ते घर सवयीचं व्हायला हवं होतं.

इथे मला आमच्या गावचा माणूस आठवणं साहजिक आहे. वसंत कानेटकर रहिमतपूरचे, जन्म १९२० चा. त्यांनी १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिलं. तोही रायगडच. पण कानेटकरांनी गडाचं घर करून टाकलं. शिवाजी महाराज म्हणजे थोरल्या मुलाशी पटत नसलेला, घरातल्या भांडणाने थकलेला बाप. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी म्हणजे बापाची माया मागणारा पोर. रंगमंचावर कडे, तोफा, घोडे आणता येत नाहीत, त्यामुळे नाटककाराला खोलीत शिरावंच लागतं आणि खोलीत शिरला की इतिहासाला आपोआप नातीगोती फुटतात. कानेटकरांच्या त्या भावुकतेवर टीका झाली आहे आणि ती सगळी खोटी नाही. पण नाटकाला जी अडचण होती, तीच अडचण मालिकेलाही असते: जागा नाही. आणि जागा नसण्यातून काय निघतं हे ठाऊक असलेला दिग्दर्शक मोकळं रान मिळताच गडभर फिरू लागला.

एक साधा प्रयोग सांगतो. आपण बहुतेक जण हे सिनेमे आता फोनवर पाहतो. रहिमतपूरहून सिनेमाला सातारला जायचं म्हणजे एसटीचं टाइमटेबल आणि रात्रीच्या परतीची काळजी, त्यामुळे मीही तिन्ही शेवटी फोनवरच पुन्हा पाहिले. तळहाताएवढ्या पडद्यावर रायगड काडेपेटीएवढा होतो. राज्याभिषेकाची गर्दी म्हणजे मुंग्यांची रांग. पण शैलाचा चेहरा पडदाभर असतो, जवळजवळ आपल्या चेहऱ्याएवढा. भव्य सिनेमा फोनवर पाहू नये असं जाणकार सांगतात, ते बरोबर आहे. पण फोन एक गोष्ट निर्दयपणे उघडी पाडतो: भव्यता काढून घेतली तर बाकी काय राहतं.

'चंद्रमुखी'च्या वेळी तर फोननेच सिनेमा गाजवला. 'चंद्रा' गाण्यावरचे रील्स शाळेच्या गॅदरिंगपासून लग्नातल्या संगीतापर्यंत सगळीकडे. अजय-अतुलचं संगीत, श्रेया घोषालचा आवाज, अमृता खानविलकरची अफाट मेहनत. यातलं काहीच नाकारायचं कारण नाही. गोष्ट विश्वास पाटलांच्या कादंबरीची: चढता राजकारणी दौलतराव (आदिनाथ कोठारे) आणि तमाशातली चंद्रा. प्रेम, बदनामी, पक्षातली वजनं.

सिनेमा मात्र चंद्राकडे कायम समोरून, प्रेक्षकाच्या खुर्चीतून पाहतो. ती येते तेव्हा प्रकाश येतो, पडदे येतात, नऊवारीचे काठ झगमगतात. आमच्याकडे जत्रांचा हंगाम सुरू झाला की अजून फड येतात. तमाशा समोरून पाहण्यात मजा असतेच, पण ज्याने एकदा कनातीच्या मागे डोकावलंय त्याला राहुटी विसरता येत नाही. तिथे स्टोव्हवर आमटी उकळत असते, एक बाई पायात चाळ बांधता बांधता पोराला दटावत असते, कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला वायर शोधत असतं. राहुटी म्हणजे पुन्हा दहा बाय दहाच. 'कच्चा लिंबू' करणाऱ्या माणसाला त्या राहुटीत काय काय दिसलं असतं!

आणि लावणीसुद्धा सगळी फडावरची, उभ्याने नाचायची नसते. बैठकीची लावणी असते, जी समोर चार माणसं बसलेली असताना बसून करायची. पाय जवळपास स्वस्थ. भुवई, मान, बोटं, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना प्रत्येक वेळी निराळा अर्थ. आमच्याच जिल्ह्यातल्या यमुनाबाई वाईकर यात राणी होत्या. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या गेल्या. त्यांचे म्हातारपणचे व्हिडिओ शोधून बघा. नव्वदीच्या आसपासची बाई, साधी साडी, साधं दिव्याचं मळभ, आणि नुसत्या एका कटाक्षाने समोरचा माणूस सावरून बसतो. बैठकीची लावणी म्हणजे कॅमेऱ्याचा शोध लागण्याआधीचा क्लोजअप आहे. मालिकेच्या मुशीतून आलेल्या दिग्दर्शकाला याहून सोयीचं द्रव्य मिळालं नसतं. आर्या आंबेकरने गायलेल्या 'बाई गं'मध्ये तो त्या दिशेला वळतो, अमृताचा चेहरा थोडा थांबून पाहू देतो, आणि लगेच कळतं की ही नटी पाय न हलवताही किती काही करू शकते. पण सिनेमा पुन्हा झगमगाटात जातो.

गंमत म्हणजे 'चंद्रमुखी'तलं माझ्या लक्षात राहिलेलं माणूस चंद्रा नाहीच. दौलतरावांची बायको डॉली, म्हणजे मृण्मयी देशपांडे. तिच्या वाट्याला गाणं नाही, साज नाही, फक्त घर आहे. त्या घरातल्या प्रसंगांत कॅमेरा एकदम शांत होतो, कुणी कुठे उभं राहावं हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक असतं, आणि नवऱ्याच्या बोलण्यातलं खोटं तिला कळतं ते आपल्यालाही तिच्याबरोबरच कळतं. या माणसाचा हात कुठे बसतो हे एवढ्या मोठ्या पसाऱ्यातही लपत नाही.

'चंद्रमुखी' आला २९ एप्रिल २०२२ ला. बरोबर दोन आठवड्यांनी, १३ मेला, 'धर्मवीर' आला, दिग्दर्शक प्रवीण तरडे. दिग्दर्शक ओक आणि नट ओक एकाच वेळी थिएटरात समोरासमोर उभे. नटाने दिग्दर्शकाला झाकून टाकलं. त्यानंतर गावोगाव त्याचे बॅनर लागले ते नटाचे, आणि मला वाटतं यात दिग्दर्शकाचं जे नुकसान झालं त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. लोकांनी 'कच्चा लिंबू' पाहिला नाही आणि 'चंद्रा'वर नाचले, यातून कुठलाही शहाणा माणूस काय धडा घेईल? पैसा लावणारे तर घेतीलच. म्हणजे तक्रार एकट्या प्रसाद ओकवर करून भागत नाही. 'मालिकेसारखा वाटत नाही' हे ज्याचं सर्वोच्च प्रमाणपत्र, त्या प्रेक्षकाने आणि समीक्षकानेही दिग्दर्शकाला खोलीतून बाहेर ढकललं आहे. बाहेर प्रशस्त आहे, तिथे कॅमेरा उंच जातो, ट्रेलरला दहा लाख जण बघतात.

२०२५ मध्ये त्याचा 'सुशीला-सुजीत' आला. स्वप्नील जोशी आणि पुन्हा 'दोघी'वाली सोनाली कुलकर्णी. एक पुरुष आणि एक बाई, बंद दारामागे अडकलेले. म्हणजे तीच नटी, तोच दिग्दर्शक, आणि आठ वर्षांनी परत चार भिंती. नुसतं हे ऐकूनच मी खूश झालो होतो. इथे कोंडलेपण हसवण्यासाठी वापरलंय आणि त्यात गैर काही नाही, विनोदी सिनेमा म्हणून तो सरळ समोर येतो. पण अडकलेल्या माणसांना आपण बाहेर पडणार हे माहीत असतं, आपल्यालाही माहीत असतं, त्यामुळे खोलीचं वजन अंगावर येत नाही. काटदऱ्यांच्या खोलीचं दार दिवसातून दोनदा उघडत होतं. एकदा शैला बाहेर पडायची तेव्हा आणि एकदा मोहन.